साखर नसलेलं गोड

१८ ऑगस्ट

माल आला. अप्पांच्या पंक्चरच्या दुकानामागं जी खोली आहे, तिथं जुन्या ट्यूबा टांगलेल्या असायच्या. आता छतापर्यंत खोकी लागली आहेत, प्रत्येकावर निळ्या अक्षरांत 'तडफ झिरो'. दोनदा फिनेलनं फरशी पुसली, तरी रबराचा वास जात नाही.

अप्पांनी सगळी खोकी स्वतः उतरवली. शेवटचं ठेवून झाल्यावर म्हणाले, "बी.एस्सी. करून डबडी इकायची व्हय, गंगा?" रागानं नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पदवी झाल्यावर माणूस पुढं काय करतो, हे घरात कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.

आई, म्हणजे आमची अव्वा, आतून म्हणाली, "एक वरीस दिलंय न्हवं तुमी तिला? मग वरीसभर तोंड उघडायचं न्हाय."

ते वर्ष अव्वानंच भांडून मिळवलंय. तेवढ्यात माझं बस्तान बसलं नाही, तर लग्न.

मी हा धंदा का धरला, ते इथं लिहून ठेवते. हायवेवरचे ड्रायव्हर झोप मारायला काय पितात, ते मी लहानपणापासून बघतेय. गार कोल्ड्रिंक, त्यात मूठभर साखर, वर तंबाखू. चाळिशीच्या आत शुगर. आमच्या आजोबांचा पाय शुगरनं गेला. अव्वाला सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. तडफ झिरोमध्ये साखर अजिबात नाही. दोन कप कडक चहाइतकं कॅफिन, टॉरिन, ब गटातली जीवनसत्त्वं, आंबटपणाला सायट्रिक आम्ल, आणि गोडीसाठी सुक्रालोज. ते साखरेच्या सहाशेपट गोड असतं, त्यामुळे चिमूटभर पुरतं, आणि रक्तातली साखर ते वाढवत नाही. हे मी वर्गात शिकले होते. तीन वर्षं शिकलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडणार, म्हणून आज फार बरं वाटतंय.

२४ ऑगस्ट

पहिला दिवस ईरण्णांच्या ढाब्यावर. ते अप्पांचे जुने ओळखीचे. डबा हातात फिरवत म्हणाले, "हे काय, औषध हाय का?"

"औषध नाही काका. झोप घालवतं."

"झोप घालवायला माझी बायकू पुरती की."

बाजेवरचे ड्रायव्हर हसले. मीही हसले, पण मग डबा उलटा करून एकेक घटक समजावून सांगितला. हैदराबाद लाइनवरचा एक ड्रायव्हर शेवटपर्यंत ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, कंपनीवाले आजवर लई आले. प्या म्हणणारे समदे. कमी प्या म्हणणारी तुमीच पहिली."

कारण मी पाटी लावली आहे. हातानं लिहिलेली: 'दिवसाला दोनच डबे. लहान मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका, हृदयविकार असलेले यांनी पिऊ नये.' एवढं डब्यावरही आहे, पण बारीक इंग्रजीत. खाली मोठ्या अक्षरांत मी माझी एक ओळ घातली: 'साखर नाही. शुगर असलेल्यांनाही चालेल.'

कंपनीचा सोलापूरचा माणूस, अमरसिंह, त्यानं पाटीचा फोटो काढला. "शेवटची ओळ भारी आहे मॅडम. वरच्या ओळी जरा लहान करा."

मी केल्या नाहीत.

८ सप्टेंबर

आजपासून घरात साखर बंद. गूळही बंद. डबे धुऊन पालथे घातले. अप्पांनी बिनसाखरेचा चहा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि ईरण्णांकडे गेले. जाऊ देत. त्यांना शुगर नाही.

अव्वाच्या पदराच्या गाठीत गुळाचा खडा सापडला. चोरी! मी विचारलं तर म्हणते, "मागं डॉक्टरनंच सांगितलंय. घाम फुटला, गरगरलं, तर तोंडात गोड टाकायचं."

"गोड खायला प्रत्येकालाच डॉक्टर सांगतो," मी म्हणाले. "गोडच हवं ना? मग हे पी. हे पण गोडच आहे, आणि शुगर वाढायची भीती नाही." गूळ मी बाहेर मुंग्यांना टाकला. अप्पाही तिथंच होते, त्यांनाही सांगून ठेवलं: हिला गरगरलं तर गोड द्यायचं, आणि गोड म्हणजे हे. फ्रीजच्या दारात सहा डबे लावून ठेवले.

अव्वा हसली. "मास्तरीण झालीस ग गंगव्वा."

तिला डब्याची चव आवडली. म्हणाली, लहानपणी जत्रेत मिळायच्या त्या रंगीत गोळ्यांसारखी आहे.

१९ सप्टेंबर

ईरण्णांकडं एक ड्रायव्हर बाजेवर आडवा पडला होता, छातीवर हात ठेवून. कर्नाटकातून कांदा घेऊन आलेला. म्हणाला, "गाडी थांबलीय, पण आत कायतरी पळतंयच." किती डबे प्यालास विचारलं, तर बोटं मोजायला लागला आणि विसरला. ईरण्णा म्हणाले, "पाटी वाचून कोण पितं, पोरी? एकानं झोप जाती, दुसऱ्यानं भूक जाती, तिसऱ्यानं बायकूची आठवण जाती."

मी त्याला पाणी पाजलं, बसवून ठेवलं. दोन तासांनी तो गेला. मी ईरण्णांना बजावलं, एका माणसाला दोनच्या वर द्यायचा नाही. ते म्हणाले, "म्या दिला न्हाय, तर म्होरच्या ढाब्यावर घेईल."

घरी येऊन पुस्तकं काढली. कॅफिन: छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप जाणं, चिडचिड. सगळं जास्त घेतल्यावर. म्हणजे दोष प्रमाणाचा आहे. प्रमाण सांगणं हेच माझं काम.

२९ सप्टेंबर

अव्वा यंदा नवरात्राचे नऊही दिवस उपवास धरणार आहे. आमच्यात एवढा कुणी धरत नाही. पण तिच्या माहेरी तुळजापूरच्या देवीचं फार. दरवर्षी ती उठता-बसता धरते, म्हणजे घट बसतात तो दिवस आणि उठतात तो दिवस. यंदा सगळे. "का?" विचारलं तर सांगेना. सारजाकाकूंनी सांगितलं. काकू आमच्या शेजारी राहतात, त्यांच्या पोटात काही राहत नाही. "तुझ्यासाठीच हाय की. पोरीचं दुकान चालू दे, तिच्या लग्नाची घाई कुनाला करू देऊ नको, असा नवस बोललीय देवीला."

मला रडू आलं. मी अव्वाला म्हणाले, शुगरवाल्यांनी असे उपवास करू नयेत. ती म्हणाली, "मग तुझा डबा कशाला हाय?"

मग काकू आणि अव्वा यांचं न्यायालय बसलं: डबा उपवासाला चालतो का? काकूंनी घटक माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतले.

"कॅफिन?"

"चहात असतं ते."

"च्या चालतो. फुडं?"

"टॉरिन." मी जरा अडखळले. "पूर्वी बैलाच्या पित्तातून काढलं होतं. आता कारखान्यात बनवतात. हा बघा हिरवा ठिपका."

"बैलाचं?" काकूंनी कानाला हात लावला, मग म्हणाल्या, "मग नंदीचंच झालं की. म्हादेवाच्या घरचं. चालतंय. मीठ हाय का?"

"सोडियम आहे थोडं. पण मीठ असं नाही."

"धान्य?"

"नाही."

"साखर?"

"अजिबात नाही."

"मग ह्याच्याएवढं सोवळं तर पाणीबी न्हाय," काकू म्हणाल्या. निकाल लागला.

३ ऑक्टोबर

घट बसले. मातीत पाच धान्यं पेरली. अव्वा नऊवारी नेसून बसली होती. फार छान दिसत होती.

तिचं ठरलंय: सकाळी एक डबा, दुपारी एक. मधे पाणी. फराळाचं काही नाही, साबुदाणा नको, शेंगदाणे नकोत. करायचं तर कडक, म्हणते. मी तिच्या गोळ्यांचं काटेकोर बघते. सकाळची आणि संध्याकाळची, एकही चुकू देत नाही. निदान तेवढं तरी माझ्या हातात आहे.

६ ऑक्टोबर

अव्वा म्हणते, भूकच लागत नाही. काकूंनी गल्लीभर सांगितलं, तर आणखी चार बायकांनी माझ्याकडून डबे नेले. उपवासाचे डबे! अमरसिंहला फोनवर सांगितलं तर तो हसतच सुटला. "मॅडम, हे आमच्या पुण्याच्या साहेबांच्या डोक्यात आलं नसतं." गुरुवारी सोलापूरला बोलावलंय. तालुक्याची एजन्सी द्यायची म्हणतोय. एवढ्यात! देवीला हात जोडले. मग वाटलं, हात जोडायला मी काही केलं नाही, उपाशी अव्वा आहे.

८ ऑक्टोबर

आज अव्वाचे हात थरथरत होते. घटाला पाणी घालताना तांब्या निसटला. कपाळावर घाम. माझ्यावर उगीच ओरडली, मग म्हणाली, "मी काय बोलले ग?"

थरथर, घाम, चिडचिड. माझ्या लगेच लक्षात आलं, कॅफिन जास्त होतंय. रिकाम्या पोटी ते जास्तच लागतं. म्हणून दुपारचा डबा बंद केला, सकाळचाच ठेवला. गोळी वेळेवर दिली. संध्याकाळी जरा पडली, मग उठून आरतीला उभी राहिली.

म्हणाली, "चारच दिस राह्यले की. काढते."

१३ ऑक्टोबर, सोलापूर

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितेय. लिहिलं नाही तर डोकं चालत नाही.

गुरुवारी सकाळी मी अव्वाला गोळी देऊन सोलापूरला गेले. अमरसिंहनं मीटिंगमध्ये मला उभं करून माझी ओळख करून दिली. टाळ्या वाजल्या. फोन पिशवीत होता.

अप्पांनी सांगितलं ते असं. दुपारी ते जेवायला घरी आले. अव्वा देवापुढं भिंतीला टेकून बसली होती, अंग घामानं भिजलेलं. त्यांना बघून म्हणाली, "तुमी कोण?" अप्पांना वाटलं, अंगात आलंय. मग ती गरगरतंय म्हणाली आणि अप्पांना माझं बोलणं आठवलं. गरगरलं तर गोड द्यायचं. त्यांनी डबा फोडून वाटीत ओतला आणि घोट घोट पाजला. ती पीत होती. गोड लागतंय म्हणाली. डबा संपला, तरी उतार पडेना, म्हणून दुसरा फोडला. तो निम्मा झाल्यावर ती शांत झाली, डोळे मिटले. अप्पांना वाटलं, निवली. त्यांनी उशी दिली, पंखा लावला आणि जवळ बसून राहिले. त्यांनी दुकानसुद्धा उघडलं नाही. बसून राहिले.

ऊन उतरल्यावर तिला झटका आला. हातपाय ताठ. तेव्हा ते रस्त्यावर धावले आणि समोर आलेल्या टेम्पोत घालून तिला इथं आणलं.

इथं आल्यावर लगेच साखर तपासली. मशीनवर आकडा जवळजवळ नव्हताच. शिरेतून ग्लुकोज दिलं, आकडा वर आला. अव्वा आली नाही. डोळे उघडे आहेत, पण ती बघत नाही.

१४ ऑक्टोबर

डॉक्टरांनी आज मला एकटीला आत बोलावलं. अप्पा औषधं आणायला खाली गेले होते.

"उपवास होता का?"

"हो."

"आणि शुगरच्या गोळ्या चालू?"

"हो. मीच देत होते. एकही चुकू दिली नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही काय शिकलाय?"

मी सांगितलं.

"अन्न पोटात नाही आणि गोळी चालू, म्हणजे साखर उतरत जाणार. थरथर, घाम, काहीबाही बोलणं, असं काही दिसलं होतं?"

"दिसलं होतं. मला वाटलं, कॅफिन."

"लक्षणं सारखीच असतात," ते म्हणाले. मला वाटतं, त्यांना मला धीर द्यायचा होता. "आणि घरी गोड काही दिलं का? वडील म्हणाले दिलं. काय दिलं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. "झिरो? शुगर-फ्री?"

"हो."

"त्यात साखर नसते."

सर, मला माहीत आहे. मी गावभर तेच सांगत फिरतेय. एवढं मी मनात म्हणाले.

"गिळत होत्या म्हणता ना? मग त्या वेळी वाटीभर साखरपाणी गेलं असतं तरी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मेंदूला किती वेळ साखर मिळाली नाही यावर सगळं असतं, म्हणाले. थोडं सुधारेल. पूर्वीसारखं होईल असं धरून चालू नका.

मग म्हणाले, "वडिलांना मी सांगू का?"

"नको. मी सांगते."

बाहेर आले, तर अप्पा औषधांची पिशवी छातीशी धरून उभे होते. "काय म्हनले?"

"उशीर झाला म्हणाले."

"व्हय, माझंच चुकलं. लौकर निघाया पायजे हुतं." ते बाकावर बसले. "पर दीड डबा पोटात गेला हुता, म्हणून एवढा येळ तग धरला तिनं. न्हायतर रस्त्यातच..."

मी हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही.

२ नोव्हेंबर

अव्वाला घरी आणून आठवडा झाला. नाकातली नळी काढलीय, पातळ पेज गिळते. डावा हात आत वळलाय. आवाज आला की मान फिरवते, पण आवाज कुणाचा आहे ते तिला कळत नाही. मी "अव्वा" म्हणाले काय आणि बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला काय, मान तेवढीच फिरते.

बघायला येणाऱ्यांची रीघ आहे. अप्पा बाहेर बाजेवर बसतात आणि प्रत्येकाला सगळं सांगतात. शेवट ठरलेला: "डॉक्टरबी चकित झाला. पोरीनं शिकवून ठेवलं हुतं म्हणून वाचली. तिच्या डब्यानं जीव वाचला."

मी आत अव्वाची कूस बदलत असते. ते ऐकते.

सांगणार आहे. पण कसं सांगू? तुम्ही तिच्याजवळ बसून, वाटीनं, घोट घोट, एक थेंब न सांडता जे पाजलंत, त्यात तिच्या उपयोगाचं काहीच नव्हतं, हे कसं सांगायचं? ते सकाळी तिची वेणी घालतात. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कधी घातली नव्हती. तिढा पडतो, पुन्हा सोडतात. ते म्हणतात, "वाचली हे काय कमी हाय?" हे एवढंच उरलंय त्यांच्याजवळ. तेही काढून घेऊ?

आणि खरं सांगायचं तर, मला भीती वाटते. ते कळल्यावर ते माझ्याकडं कसे बघतील, याची.

५ नोव्हेंबर

सगळ्या ढाब्यांवर जाऊन पाट्या काढून आणल्या. ईरण्णा म्हणाले, "आता काय झालं? चांगली पाटी हुती. लोक वाचून घ्यायचे."

"ती शेवटची ओळ चुकीची होती, काका."

"मग एवढे दिस काय सांगत हुतीस?" चिडून नाही, सरळ विचारलं. "आनि तुझा बाप उमाशंकर तर म्हंतोय, तुझी आई शिवम्मा त्याच्यानंच वाचली."

मी पाट्या काखेत मारल्या. मग म्हणाले, "माझ्याकडचा माल परत घेऊन चाललेय." ते म्हणाले, "तुझा ने. कंपनीची गाडी आता परस्पर येती."

अमरसिंहला फोन केला. तो आधी खरंच हळहळला. मग म्हणाला, "पण मॅडम, हा तुमचा घरगुती प्रॉब्लेम झाला. प्रॉडक्टचा नाही. डब्यावर स्पष्ट लिहिलंय, साखर शून्य. आम्ही कुठं खोटं बोललो?"

तो खरं बोलतोय. डबा खोटं बोलला नाही. शुगर असलेल्यांनाही चालेल, हे वाक्य डब्यावर कुठंच नाही. ते माझं आहे.

८ नोव्हेंबर

आज सारजाकाकू अव्वाला बघून निघताना अप्पांना म्हणाल्या, "अण्णा, आमच्या ह्यांनाबी आता सुई चालू झालीय. डॉक्टर म्हनला, कधी कधी साखर एकदम उतरती. तर ते डबे..."

"न्या की," अप्पा उठलेच. "पैसं बिसं न्हाय घ्यायचं. गंगाचंच हाय." आणि आतून चार डबे आणून त्यांच्या पिशवीत घातले. "घाम फुटला की लगीच पाजायचं. थांबायचं न्हाय. म्या थांबलो थोडा."

मी दारात उभी होते. हिंमतरावकाकांची सुई म्हणजे इन्सुलिन. काका दिवसभर रानात एकटे असतात.

संध्याकाळी काकूंकडं गेले आणि म्हणाले, या डब्यांची मुदत संपलीय, परत द्या. त्यांनी दिले. घरी आले, तेव्हा वाटलं, सुटले. कुणाला काही सांगावं लागलं नाही आणि काकाही वाचले. बघ गंगा, किती सोपं होतं.

११ नोव्हेंबर

सोपं नव्हतं.

काकूंकडं ताक मागायला गेले, तर देवळीत इन्सुलिनच्या डबीशेजारी तडफ झिरोचे नवे सहा डबे. ईरण्णांकडून आणले, म्हणाल्या. "मुदतीचे बघून घेतले बग. दोन ह्यांच्या रानातल्या पिशवीत टाकलेत. आदी साखरेची पुडी असायची पिशवीत, ती काढली. मुंग्या लई लागायच्या."

मी म्हणाले, "काकू, काकांना उतरलं तर साखरच द्या. हे नको."

"अग पर तुझ्या आईला..."

"ते वेगळं होतं."

"काय येगळं हुतं? तुझा बाप काय खोटं सांगतोय व्हय?"

त्यांना राग आला. बरोबर होतं त्यांचं. मी नुसतं 'नको' म्हणत होते, 'का' ते सांगत नव्हते. आणि 'का' सांगायचं, तर ते अप्पांच्या गोष्टीवर पाय देऊनच सांगावं लागणार होतं. काकूंना एकटीला गुपचूप सांगितलं, तरी त्या आमच्या घरी येऊन अप्पांनाच विचारणार. आज नाही तर उद्या. मग त्यांना ते शेजारणीच्या तोंडून कळणार.

मी काकूंचा हात धरला आणि त्यांना आमच्या घरी आणलं. अप्पा बाजेवर टायरची ट्यूब मांडीवर घेऊन बसले होते, गाडीवाला शेजारी उभा होता. म्हटलं, असू दे. त्यालाही ऐकू दे.

"अप्पा, काकूंना डबा देऊ नका. कुणालाच देऊ नका."

"का ग?"

"त्यात साखर नाही."

"ते ठाव हाय की. तूच सांगितलंयस."

"अव्वाची साखर उतरली होती, अप्पा. संपली होती. तिला साखर पाहिजे होती. साखर, गूळ, उसाचा रस, काहीही. डबा गोड लागतो, पण शरीराला त्यातून साखर मिळत नाही. एक पाजला काय आणि दहा पाजले काय."

काकूंनी तोंडाला पदर लावला. गाडीवाला दुसरीकडं बघायला लागला. अप्पांचा हात ट्यूबवर फिरत होता, भोक शोधताना फिरवतात तसा.

"मग म्या काय पाजत हुतो?"

"पाणी," मी म्हणाले. "गोड पाणी."

"डॉक्टरनं सांगितलं?"

"हो."

"कदी?"

"तिथंच. दवाखान्यात, चौथ्या दिवशी."

त्यांनी ट्यूब पुन्हा एकदा फिरवून बघितली. मग गाडीवाल्याला म्हणाले, "ह्यात दोन भोकं हायती. टाइम लागंल." आणि ट्यूब घेऊन दुकानात गेले. संध्याकाळी जेवले नाहीत. अव्वाची वेणी मात्र घातली.

१२ नोव्हेंबर

अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. काकूंनी डबे गटारीत ओतले. काकांच्या पिशवीत पुन्हा साखरेची पुडी घातली, म्हणाल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

१७ नोव्हेंबर

आज अक्कलकोटहून मल्लिनाथमामा, म्हणजे अव्वाचा मोठा भाऊ, चार माणसं घेऊन आला. अव्वाच्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला. हॉर्नला फिरते तशी तिची मान त्याच्याकडं फिरली, त्यामुळे त्याला वाटलं, ओळखलं.

मग सगळे बाहेर बसले. मी चहा टाकला. खिडकीतून ऐकू येत होतं. मामानं विचारलं, काय झालं. अप्पांनी सुरुवात केली आणि मी गॅस बारीक केला.

"उपास हुता. गोळ्या चालू हुत्या. साखर उतरली. त्या टायमाला साखर पाजायची असती. म्या डबा पाजला. गोड लागतो तो, पर साखर न्हाय त्यात. म्या दीड डबा पाजला आनि झोपली म्हणून बसून राह्यलो. म्या पाजला. तुमच्याकडं कुणाला शुगर असली, तर ध्यानात ठेवा. असं करू नका."

रोज हेच सांगतात, काकूंनी मला परवाच सांगितलं होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला. मी आज पहिल्यांदा ऐकलं. त्या सगळ्यात माझं नाव कुठंच नव्हतं. बी.एस्सी. नव्हती, पाटी नव्हती, गोळ्या कोण देत होतं ते नव्हतं.

मामाचा आवाज चढला. "असलं डबडं घरात आणलं कुणी पर, दाजी?"

"मिळतंय की दुकानात," अप्पा म्हणाले. "कुठंबी मिळतंय."

मी चहाचं ताट घेऊन बाहेर आले. "मी आणलं, मामा."

"गंगा," अप्पा म्हणाले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांनी मला हाक मारली. "च्या ठेव आनि आत जा. तिची कूस बदलायची येळ झाली."

मी ताट खाली ठेवलं. अप्पांच्या शेजारी बाजेवर बसले. मामाला पहिल्यापासून सांगायला लागले: खोकी आली तो दिवस, पाटी, गुळाचा खडा, गोळ्या. मधेच मामा उठून रस्त्यापर्यंत गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मी थांबले नाही, आवाज थोडा मोठा केला. अप्पा खाली बघत होते. ते उठून गेले नाहीत.

मग आम्ही दोघांनी मिळून अव्वाची कूस बदलली.